पट एकतीस, हजर एकतीस

मी एक जुना फाळका आहे. फाळका म्हणजे ट्रकच्या पाठीमागची, साखळ्यांना लटकणारी, माल चढवताना खाली आणि चालताना वर असणारी फळी. तुम्ही एस.टी.त बसून पुढच्या ट्रकवरची अक्षरं वाचत जाता ना मित्रांनो, ती माझ्या जातीच्या पाठीवर असतात. माझ्या पाठीवर 'सुरक्षित अंतर ठेवा' असं लिहिलेलं होतं. अजूनही आहे. उभ्या आयुष्यात मी बरंच काही सांगितलं, पण लोकांनी मनापासून पाळलं ते एवढंच.

माझा जन्म कराडला लियाकतमिस्त्रींच्या शेडमध्ये झाला. ट्रकची बॉडी बांधण्यात आपला हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नाही, असं मिस्त्री सांगत. दुसरं कोणी सांगत नसे, म्हणून त्यांनाच सांगावं लागे. बाभळीच्या चार फळ्या, तीन लोखंडी पट्ट्या आणि दोन बिजागऱ्या एवढ्यावर मी उभा राहिलो. शेवटचा बोल्ट आवळून झाल्यावर मिस्त्रींनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "बेटा, तुजं काम एकच. आतलं खाली पडू द्यायचं न्हाई. बाकीचं डायवर बघंल."

हे वाक्य मी जपून ठेवलं. पुढं त्याचा फार त्रास झाला.

ट्रकचे मालक आणि ड्रायव्हर एकच, कृष्णात. त्यांनी मला आधी लोणंदच्या बाजाराचा कांदा दाखवला. नंतर ऊस आला आणि वीस वर्षं उसाशिवाय दुसरं काही दिसलं नाही. ट्रक गावातून जाताना पोरं मागं पळत यायची, माझ्या फटीतून ऊस उपसायची. मी होता होईल तेवढा आवळून धरायचो. तरी एखादा जायचाच. कृष्णात आरशात बघत आणि म्हणत, "जाऊ दे रं, एक गेल्यानं काय हुतंय." मला मात्र लागून राहायचं.

मग ट्रकचं वय झालं. इंजिन एकीकडं गेलं, चाकं दुसरीकडं, आणि मला कृष्णातांनी कारखान्याच्या फाटकाशी उतरवलं. "नाथाजी, ठेव ह्येला. बसायला हुईल," एवढाच माझा निरोपसमारंभ.

हा कारखाना कृष्णाकाठी आहे, साताऱ्याची हद्द संपून सांगलीची सुरू होते नेमका तिथं. फाटक साताऱ्यात आणि उसाचा तळ सांगलीत. फाटकावरचे नाथाजी पल्टनीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मला दोन दगडांवर आडवा केला आणि चार वर्षं माझ्यावर बसून दोन्ही जिल्ह्यांवर लक्ष ठेवलं.

आता शाळेकडं येतो, मित्रांनो. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास येतात आणि उन्हाळा लागताना जातात. आमच्याकडच्या बहुतेक टोळ्या जत तालुक्याच्या पार टोकावरून, कर्नाटकाच्या शिवेवरून येतात. तळावर उसाच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटे फडात जातात आणि पोरं कोपीत राहतात. गावची शाळा एका किलोमीटरवर होती. पण ही पोरं वर्षाच्या मध्यात येतात, मध्यातच जातात आणि त्यामुळं पट बिघडतो, अशी तिथली तक्रार होती. पट म्हणजे शाळेत नाव लावलेल्या मुलांची संख्या. ती बिघडू नये म्हणून मुलं बाहेर ठेवलेली बरी, असा हिशेब.

म्हणून संयोगिताबाई आल्या. सहा महिन्यांच्या नेमणुकीच्या, दरवर्षी नव्यानं नेमल्या जाणाऱ्या. खताच्या जुन्या पत्र्याच्या गोदामात त्यांनी साखरशाळा मांडली. फळा मंजूर आहे, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. मंजूर फळ्यावर खडू उमटत नाही, हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं. त्यांना जमिनीवर कोळशानं अक्षरं काढताना नाथाजींनी बघितलं आणि ते माझ्यावरून उठले.

"बाई, ह्यो घ्या. वीस वर्सं ऊस वाहिलाय. अक्षरं काय त्येला जड हायती?"

लियाकतमिस्त्रींना बोलावणं गेलं. मिस्त्री आता थकले होते, पण मला बघताच ओळखलं. "ह्यो आपलाच. बघा, बोल्ट अजून हलला न्हाई," असं म्हणत त्यांनी माझी एक बाजू रंधून साफ केली आणि मला पाय बसवले. पोरांनी तळावरून टॉर्चचे मेलेले सेल गोळा केले, ते फोडून आतली काजळी पाल्याच्या रसात कालवली आणि माझ्या तोंडाला फासली. लोकांच्या तोंडाला काळं लागलं की त्यांची अब्रू जाते. माझी आली.

पाठीवरची अक्षरं मात्र तशीच राहिली आणि पाठ रस्त्याकडं. गावची माणसं जाता-येता वाचत आणि अंतर ठेवत.

बाईंची शाळा वेगळी होती. उशीर का झाला, असं तिथं विचारत नसत. काखेतलं भावंड खाली ठेव, असंही म्हणत नसत. भावंड, शेरडू आणि पाटी तिन्ही आत येत. घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा, तो नाथाजी बडवीत. मग मोजणी. बाई प्रत्येक डोक्यावर हात ठेवून मोजायच्या. ज्याला जी भाषा येते त्यानं त्या भाषेत मोजायचं, असा बाईंचा नियम. बाई मराठीत मोजत, पोरं घरच्या कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु करत आणि नाथाजी दारातून पल्टनीच्या हिंदीत गिनती करत. तिन्ही बेरजा एक आल्या की मगच शाळा सुरू. माझ्या डाव्या कोपऱ्यात रोज लिहायचं: पट ३१. हजर अमुक.

हा कोपरा शिवलीलाचा होता. शिवलीला बारा वर्षांची, बिराप्पा आणि शालूबाईंची थोरली. पहिल्या वर्षी ती आली तेव्हा तिला मराठीतलं 'पाणी' आणि 'चल' एवढंच येत होतं. बाईंनी तिला हसू दिलं नाही कुणाला. तिच्याकडूनच 'नीरु' म्हणजे पाणी हे शिकून घेतलं आणि बदल्यात आपली अक्षरं दिली. तिसऱ्या हंगामात ती मोळ्या बघून टनाचा अंदाज सांगायची आणि तो काट्यावर खरा ठरायचा. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ओल्या बोळ्यानं मला पुसायची आणि कोपऱ्यात आकडे काढायची. तिच्या तीनच्या आकड्याला खाली शेपूट असायचं, शेरडाच्या शेपटीसारखं वर वळलेलं. बाईंनी एकदा म्हटलं, "शिवलीला, एवढं शेपूट कशाला?" ती म्हणाली, "त्याला माशा हाकायला लागत्यात, बाई."

बाई हसल्या. मीही हसलो, पण फळ्याचं हसणं कुणाला दिसत नाही.

तिच्यासाठी बाईंनी एक खटपट चालवली होती. तालुक्याच्या गावी मुलींची निवासी शाळा आहे. तिथं राहायचं, जेवायचं, दहावीपर्यंत शिकायचं. मग ऊसतोडीला यायचं कारणच उरत नाही. जूनपासूनची जागा मिळायची तर साखरशाळेतली हजेरी भरलेली हवी, हंगाम संपेपर्यंत. बाईंनी अर्ज भरला. शिवलीलाची हजेरी तोपर्यंत एकही दिवस चुकलेली नव्हती.

नऊ जानेवारीला शाळा भरून थोडा वेळ झाला होता. बिराप्पा दारात आला. फडातून थेट आला होता, अंगाला पाचटाचं कूस.

"बाई, पोरीला न्यायला आलोय."

"आत्ता? आत्ता तर बसलीय."

"शालीचा अंगठा गेलाय. कोयता बसला. जोडीबिगर मुकादम फडात हुबा करत न्हाई."

मित्रांनो, ऊसतोडीत एक माणूस मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. जोडी मोडली की कोयता मोडला आणि मोडलेल्या कोयत्याला फडात उभं राहता येत नाही.

"बारा वर्षांची आहे ती, बिराप्पा."

"मोळीला वय कुठं कळतंय, बाई. आठ दिस द्या. अंगठा भरला की मीच आनून सोडतो."

शिवलीला उठली. हातातला खडू तिनं माझ्या काठावर ठेवला आणि हात फ्रॉकला पुसले. कोपऱ्यात तिनं सकाळीच लिहिलं होतं: पट ३१, हजर ३१.

"बाई, माझा कोपरा पुसू नका. मी आल्यावर पुसते."

आणि बाईंनी तो पुसला नाही. चूक इथं झाली. ही चूक दुष्ट माणसाच्या हातून होत नाही, त्याला तेवढी माया नसते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्यावर वरची तारीख बदलली, मधलं सगळं पुसलं, कोपरा सोडून. कोपऱ्यात शिवलीलाच्याच हातचं 'हजर ३१'. मग हजेरीपत्रकात तरी वेगळं कसं लिहायचं? तिथंही हजर. आठ दिवसांचा तर प्रश्न होता. आठ दिवसांसाठी पोरीची जागा घालवायची?

नाथाजी दारातून मोजत होते. त्यांनी दोनदा मोजलं.

"बाई, तीस भरत्यात."

"एकतीस आहेत, मामा."

"मी डोकी मोजतोय. तुमी कागूद मोजताय."

"येईल ती पुढच्या आठवड्यात. मध्येच गैरहजेरी पडली तर जागा जाईल तिची."

नाथाजी म्हणाले, "आमच्या पल्टनीत एकदा गिनतीत एक गडी कमी भरला. आख्खी कंपनी बर्फात हुबी. सुभेदार म्हनला, गडी घावंस्तोवर कुनी हलायचं न्हाई. दोन तासांनी घावला."

"कुठं होता?"

"लंगरमधी. शिरा खात हुता."

बाईंना हसू आलं.

"हसताय खऱ्या. पर कमी लिवलं म्हून घावला. पुरा लिवला असता तर अजून शिराच खात बसला असता."

बाईंनी हजेरीपत्रक मिटलं. नाथाजींनी पुन्हा विषय काढला नाही. बाईंविषयी त्यांना आदर होता, आणि आदर असला की माणसं गप्प बसतात. रोज ते रुळाचा तुकडा बडवीत, तीस मोजत आणि फाटकाकडं जात. मी रोज एकतीस सांगत उभा. मी कधी कांद्याच्या ट्रकवरही खोटं बोललो नव्हतो, मित्रांनो. आता रोज बोलत होतो, आणि तेही तिच्याच अक्षरात.

आठाचे पंधरा झाले. अंगठा भरेना. बाई दर रविवारी फडात जात. बिराप्पा म्हणे, "आता बघा, ह्या आठवड्यात." शिवलीला मोळीच्या मागून बघे आणि विचारी, "बाई, कोपरा हाय?" बाई म्हणत, "आहे."

फेब्रुवारीत शिक्षण खात्याचे विश्वजितसाहेब आले. शाळाबाह्य मुलं किती, हे शोधणं त्यांच्याकडं होतं. भला माणूस. कपड्यांना इस्त्री आणि बोलण्यालाही. आत आल्याआल्या ते माझ्यासमोर उभे राहिले.

"पट एकतीस, हजर एकतीस. वा. अशा ठिकाणी शंभर टक्के. मॅडम, मला फळाच बोलका लागतो. फळा बघितला की शाळा कळते."

त्यांनी मुलं मोजली नाहीत. मुलं हलतात. फळा हलत नाही.

पण पाच वर्षांच्या लक्कव्वाला पाहुणे आले की मोजून दाखवायची सवय होती. ती उठली, एकेका डोक्यावर हात ठेवत पूर्ण खोली फिरली आणि साहेबांसमोर येऊन मोठ्यानं म्हणाली, "मूवत्तु."

"काय म्हणतेय ही?"

कन्नडमध्ये मूवत्तु म्हणजे तीस. खोलीत सगळ्यांना ते माहीत होतं, साहेब सोडून. नाथाजींनी दारातून बाईंकडं बघितलं. बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी कुणाकडं बघू?

"ती कन्नडमध्ये मोजतेय, सर," बाई म्हणाल्या.

"बहुभाषिक अध्यापन," साहेब म्हणाले आणि त्यांनी तसं लिहून घेतलं. खाली लिहिलं, शाळाबाह्य मुले: शून्य. मग मला हार घातला गेला आणि साहेबांचा माझ्याबरोबर फोटो निघाला. तो नंतर एका अहवालाच्या मुखपृष्ठावर आला, असं ऐकतो. शिवलीलाचा आकडा त्यात स्पष्ट दिसतो म्हणे, शेपटासकट. शिवलीला त्या वेळी तीन मैलांवर मोळी बांधत होती.

फेब्रुवारी संपता संपता एका सकाळी बाई आल्या आणि खुर्चीवर न बसता माझ्या पायाशी बसल्या. तळावरच्या सहा कोप्या मोकळ्या होत्या, त्यांत बिराप्पाचीही. त्या सहांतून शाळेच्या पटावर नाव होतं ते एकट्या शिवलीलाचं. मुकादमानं आदल्या दुपारी काही कोयते दुसऱ्या कारखान्याला हलवले होते. कुठल्या, ते कुणी सांगेना. कुणी पलूसकडं म्हणे, कुणी कर्नाटकात. मुकादमाचा फोन बंद होता.

एका शाळेतून मूल हललं की दुसरीकडं शोधून त्याला जवळच्या शाळेत बसवायची सोय कागदावर आहे. बाई ती सोय मागायला कचेरीत गेल्या. परत आल्या तेव्हा नाथाजी माझ्याशेजारी उभे होते.

"काय म्हनले?"

"म्हणाले, मुलगी तुमच्याकडं हजर आहे. हजर मुलीला शोधायचं कसं?"

"बराबर हाय त्येंचं."

"शोधायची तर आधी गैरहजर दाखवा म्हणाले. दाखवते, म्हटलं. तर म्हणाले, कधीपासून?"

कधीपासून, हे नाथाजींनाही पाठ होतं. ते लिहिलं की दीड महिन्याची हजेरी खोटी, साहेबांचा अहवाल खोटा आणि बाईंची पुढच्या वर्षीची नेमणूक गेली. शिवाय शिवलीलाची जागाही गेली. न लिहिलं तर जागा राहते, नेमणूक राहते, फक्त मुलगी राहत नाही.

बाईंनी बोळा भिजवला. कोपऱ्याशी नेला आणि थांबल्या.

"तिचं अक्षर आहे, मामा."

"अक्षर तिचंच हाय. पर आकडा खोटा हाय. पुसा, बाई."

बाईंनी पुसलं. मला तेवढी जागा गार लागली. मग त्यांनी आपल्या हातानं लिहिलं: पट ३१. हजर ३०. गैरहजर: शिवलीला बिराप्पा, ९ जानेवारीपासून. खाली सही केली, मोबाइलवर माझा फोटो काढला आणि विश्वजितसाहेबांना पाठवला. हार घातलेल्या फोटोनंतरचा हा माझा दुसरा फोटो. हा कुठल्या मुखपृष्ठावर आला नाही.

शोधाचं पत्र निघालं, हे मान्य करायला हवं. ते शिवलीलाच्या गावच्या शाळेला गेलं. तिथून उत्तर आलं की सदर विद्यार्थिनी साखरशाळेत आहे. साखरशाळा म्हणजे आम्हीच. अशा रीतीनं तपास पूर्ण झाला.

मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं. टोळ्या गेल्या. बाईंना कळवण्यात आलं की पुढच्या हंगामात त्यांची गरज नाही. पाठोपाठ ठरलं की या तळावर शाळेचीही गरज नाही. यात तथ्य होतं. शाळाच नसली तर गैरहजर कोण राहणार?

मला पुन्हा फाटकाशी आणलं. नाथाजींनी मला आडवा केला नाही. "ह्येच्यावर आता बसवत न्हाई," म्हणाले आणि खोलीच्या भिंतीला उभा टेकवला. काळं तोंड भिंतीकडं, पाठ रस्त्याकडं. सुरक्षित अंतर ठेवा.

मे महिन्यात फाटकावर एक पत्र आलं. निवासी शाळेचं. शिवलीला बिराप्पा हिची निवड झाली आहे. एका टेबलावर ती गैरहजर ठरली होती, पण दुसऱ्या टेबलाला ते कुणी कळवलं नव्हतं. तिथं ती हजरच होती. नाथाजींनी बाईंना फोन लावला. बाई पत्र घेऊन दोन एस.टी. बदलून शिवेवरच्या त्या वस्तीवर गेल्या. दाराला बाभळीचं काटेरी शिरं लावलेलं. शेजारीण म्हणाली, हंगाम संपल्यावर बिराप्पाची माणसं तशीच वीटभट्टीला गेली, पलीकडं कर्नाटकात. कुठल्या भट्टीला, ते तिला ठाऊक नव्हतं.

बाई पत्र घेऊन परत आल्या. त्यांना पाटणच्या वर, डोंगरातल्या एका शाळेत काम मिळालं होतं. जाताना त्यांनी पत्र नाथाजींकडं दिलं.

"टोळी आली तर द्या, मामा."

नाथाजींनी ते पेन्शनच्या कागदांत ठेवलं. पावसाळा गेला. माझ्या पाठीला बुरशी आली. तोंड भिंतीकडं असल्यामुळं कोरडं राहिलं. मी बाईंचं अक्षर जपलं, मित्रांनो. दुसरं काम नव्हतं.

नोव्हेंबरात टोळ्या आल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी एक पोरगी फाटकाशी थांबली. खांद्यावर कोयता, कमरेला मळका पंचा गुंडाळलेला. उंच झाली होती.

"मामा, पाणी हाय का?"

नाथाजींनी तिच्याकडं बघितलं, मग तांब्या भरला. ती प्यायली. तांब्या परत देताना तिला मी दिसलो.

"ह्यो हितं का हुबा?"

"शाळा उठली, बाळ."

"आन् बाई?"

"पाटणला. आईचा अंगठा कसा हाय?"

"भरला. पर मूठ वळत न्हाई तिची." यात सगळं आलं. शालूबाईंची मूठ वळत नव्हती म्हणजे कोयता आता बिराप्पाचा आणि शिवलीलाचा.

नाथाजींनी आत जाऊन पत्र आणलं. शिवलीलानं हात पंचाला पुसून ते घेतलं आणि मोठ्यानं वाचलं, एकदाही न अडखळता. तीन हंगामांपूर्वी जिला 'पाणी' आणि 'चल' येत होतं, तिनं 'सदर विद्यार्थिनीने दिनांक सोळा जून रोजी सकाळी दहा वाजता पालकांसह हजर राहावे, अन्यथा प्रतीक्षा यादीतील विद्यार्थिनीस प्रवेश देण्यात येईल' हे वाक्य एका दमात म्हटलं. बाई तिथं हव्या होत्या.

"कळलं का?" नाथाजींनी विचारलं.

"कळलं."

"काय कळलं?"

"जून गेला."

तिनं पत्राची घडी घातली, तशीच जशी होती. मग म्हणाली, "मामा, ह्येला जरा फिरवा की."

दोघांनी मिळून मला फिरवलं. कोपऱ्यात बाईंचं अक्षर होतं, थोडं फिकट. शिवलीलानं वाचलं. हजर ३०. गैरहजर: शिवलीला बिराप्पा, ९ जानेवारीपासून. आपण कमी आहोत, हे कुणीतरी लिहून ठेवलेलं आपल्याला वाचायला मिळतं, असं फार थोड्या माणसांच्या नशिबात असतं.

"कोपरा बाईंनी पुसला," ती म्हणाली.

"मीच पुसाय लावला. शोधायला कमी दिसावं लागतंय, बाळ."

"खडू हाय?"

नाथाजींच्या खिशात होता. का होता, ते त्यांना विचारू नका. शिवलीलाची बोटं पाल्यानं कापलेली, खडू नीट धरता येईना. तरी तिनं बाईंच्या ओळीपुढं लिहिलं: आजपर्यंत. आणि पुढं तारीख घातली. तेरा नोव्हेंबर. तीनला शेपूट होतं.

रस्त्यावर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. बिराप्पा ओरडला, "शिवे, चल गं, ट्रॉली थांबंना." तिनं कोयता उचलला.

"मामा, तारीख रोज बदलायची आसती."

"ठावं हाय मला."

ती गेली. नाथाजींनी फोन लावला. पलीकडून बाई काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. नाथाजींचं ऐकू आलं. "व्हय, हितंच हाय. आवं रडताय कशाला, अर्ज आना. शनवारी या. टोळी हलायच्या आत या. तवर मी मोजतोय."

आज शुक्रवार आहे, मित्रांनो. सकाळी नाथाजींनी बोळा भिजवून तारीख बदलली. 'आजपर्यंत'ला हात लावला नाही. मग फाटकात उभं राहून फडाकडं जाणारी एकेक ट्रॉली थांबवली आणि पल्टनीच्या हिंदीत पोरं मोजली. शिवलीला अजून आहे. उद्या असेल का, ते मुकादमाला माहीत. आणि उद्या बाई आल्या तरी नवा जून आणि जुनी हजेरी यांचं कसं जमवायचं, ते मला माहीत नाही. मी लाकूड आहे.

तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. मला रंग लावू नका, संग्रहालयात ठेवू नका, हार तर अजिबात नको. उद्या वर्गात गेलात की डोक्यावर हात ठेवून मोजा. कुठल्याही भाषेत मोजा. कमी भरलं तर कमी लिहा आणि ज्याची जागा मोकळी आहे त्याचं नाव मोठ्यानं विचारा. आतलं खाली पडू द्यायचं नाही, एवढं एकच काम मिस्त्रींनी मला दिलं होतं. वीस वर्षं उसाचं ते मी बरं केलं. एका पोरीचं मला जमलं नाही, कारण ती पडली तेव्हा मी 'सगळं भरलेलं आहे' असं सांगत उभा होतो.